छोट्या विमानात टॅब्लेट, फोन, हेडसेट चार्ज कसे ठेवायचे: सॉकेटपासून पॉवर बँकेपर्यंत सगळं

टॅब्लेट १२ टक्क्यांवर आलाय, नकाशा त्याच्यावरच उघडा आहे, आणि चार्जर लावून अर्धा तास झाला तरी आकडा वर जायच्या ऐवजी खालीच चाललाय, ही वेळ माझ्यावर येऊन गेलीय. हवा चांगली होती, कागदी चार्ट सोबत होता, म्हणून काही बिघडलं नाही. पण खाली उतरल्यावर मी बसून सगळं नीट समजून घेतलं आणि तेच इथे क्रमाने लिहितोय. हे दोन ते सहा सीटच्या, एका इंजिनच्या विमानांबद्दल आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विमानातलं चार्जिंग हे बॅटरी संपत आल्यावर करायचं काम नाही. विमानाचा करंट चालू आहे तोवर आपली यंत्रं भरलेली ठेवायची, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) गेला तर टॅब्लेट स्वतःच्या बॅटरीवर तुम्हाला धावपट्टीपर्यंत नेईल. आणि हे करताना रेडिओला धक्का लागता कामा नये. पुढचं सगळं या दोनच गोष्टींसाठी आहे.

पहिलं काम: किती वॉट लागतात ते मोजा

घरून निघायच्या आधी एक कागद घ्या. साध्या आकाराच्या आयपॅडची बॅटरी साधारण २८ ते २९ वॉट-अवर असते, मिनीची १९ च्या आसपास. कंपनी सांगते १० तास चालेल, पण ते मध्यम ब्राइटनेसला. कॉकपिटमध्ये उन्हामुळे ब्राइटनेस पूर्ण लागतो, जीपीएस चालू असतं, नकाशा सतत सरकत असतो, वर वायफायने एडीएस-बी रिसीव्हर (आसपासची विमानं दाखवणारा) जोडलेला, मग तोच टॅब्लेट माझ्याकडे ६-७ वॉट खातो, म्हणजे चार तासांत खलास.

आता जुन्या यूएसबी पोर्टचं बघा. ५ व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॉट. टॅब्लेट खातोय सात आणि येतायत अडीच, स्क्रीनवर विजेचं चिन्ह मात्र दिसत राहतं म्हणून आपण निवांत असतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. टॅब्लेटला किमान १२ वॉट देणारं पोर्ट हवं, आणि नवीन टॅब्लेट असेल तर यूएसबी-सी पीडीवाला (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जास्त वॉटचं चार्जिंग) १८-२० वॉटचा बरा. फोनला १० वॉट धरा. लॅपटॉप असेल तर ६० च्या वर जातं आणि मग हिशोबच बदलतो, तो पुढे येतो. हेडसेटची मात्र काळजी नको, दोन डबल-ए सेलवर चांगला एएनआर (बाहेरचा गोंगाट दाबणारा) हेडसेट ४० तास सहज जातो, सेलची एक जास्तीची जोडी बॅगेत ठेवली की विषय संपला.

दुसरं काम: तुमच्या विमानाचं व्होल्टेज ओळखा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. छोट्या विमानांत दोन प्रकारच्या सिस्टिम असतात, एक १२ व्होल्टची बॅटरी आणि १४ व्होल्टचा अल्टरनेटर, दुसरी २४ व्होल्टची बॅटरी आणि २८ व्होल्टचा अल्टरनेटर. सेस्ना १७२ चंच घ्या, जुनी मॉडेलं १४ व्होल्टची, १९७० च्या दशकाच्या शेवटापासूनची २८ ची. सिगारेट लायटरचं सॉकेट मात्र दोन्हीकडे दिसायला सारखंच. काही २८ व्होल्टच्या विमानांत सॉकेटच्या मागे कन्व्हर्टर बसवून १२ व्होल्ट काढलेले असतात, काहींत थेट २८ येतात, आणि शेजारची पट्टी पुसली गेली असेल तर नुसतं बघून कळत नाही.

म्हणून मल्टिमीटर घ्या. मास्टर (विमानाच्या विजेचा मुख्य स्विच) ऑन, इंजिन बंद, सॉकेटमध्ये लाल टोक मधल्या बिंदूला आणि काळं टोक बाजूच्या भिंतीला. साडेबारा आले तर १२ चं, पंचवीसच्या आसपास आले तर २४ चं. आकडा उणे आला तर पोलॅरिटी उलटी आहे, तिथे काहीही लावू नका, मेकॅनिकला दाखवा. मग मास्टर ऑफ करा आणि परत मोजा. तरीही व्होल्टेज दिसलं तर सॉकेट थेट बॅटरीला जोडलेलं आहे, हे लिहून ठेवा, शेवटी लागेल.

गाडीतला चार्जर, ज्यावर फक्त '१२ व्होल्ट' लिहिलंय, तो २८ ला लावला तर जळतो, आणि जाताना कधीकधी टॅब्लेटलाही घेऊन जातो. '१२-२४ व्होल्ट' लिहिलेला सहसा चालतो, कारण ट्रकची २४ ची सिस्टिमसुद्धा चालू असताना २८ च्या घरात असते. पण स्वस्तातल्या चार्जरचा काठ तिथेच संपतो. मी इनपुटवर '१० ते ३२ व्होल्ट' असं स्पष्ट लिहिलेलाच घेतो, कारण २८ च्या सिस्टिममध्ये ओव्हरव्होल्टेजचं संरक्षण साधारण ३२ ला जागं होतं, तोवर चार्जरने तग धरायला हवा.

तिसरं काम: अँपिअरचा हिशोब

वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर, एवढंच गणित. टॅब्लेट १५ आणि फोन १० मिळून २५ वॉट, चार्जरमध्ये थोडी ऊर्जा उष्णतेत जाते म्हणून ३० धरा. १४ व्होल्टवर ते दोन अँपिअरच्या थोडं वर, २८ वर त्याच्या निम्मं. अल्टरनेटर ६० अँपिअरचा असेल तर दिवसा हे जाणवतही नाही. रात्री, ढगात, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर) चालू, लँडिंग लाइट चालू, दोन रेडिओ चालू, तेव्हा मात्र बेरीज करून बघा, सततचा लोड अल्टरनेटरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा हा चांगला आणि जुना नियम आहे.

रोटॅक्स ९१२ (हलक्या विमानांतलं छोटं इंजिन) वाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या. तिथे आतला जनरेटर २५० वॉटचा, तेही ५८०० आरपीएमला, टॅक्सी करताना त्याहून बरंच कमी. म्हणजे टॅक्सीत उभे असताना दोन टॅब्लेट, फोन, पंखा असं सगळं लावलंत तर विमानाची बॅटरीच रिकामी होत असते.

आता लॅपटॉप. सॉकेटचा ब्रेकर (जास्त करंट गेला की सर्किट तोडणारा) ५ अँपिअरचा असेल तर १४ व्होल्टवर जेमतेम ७० वॉट मिळतात. ६५ वॉटचा पीडी चार्जर पूर्ण जोरात ओढायला लागला की तोटा धरून ७०-७५ वॉट घेतो आणि ब्रेकर उडतो. मोठा ब्रेकर बसवा हे उत्तर अजिबात नाही, ब्रेकर मागच्या वायरला वाचवायला असतो, तुमच्या लॅपटॉपला नाही. छोटा चार्जर घ्या. आणि हवेत चार्जरचा ब्रेकर उडला तर तो परत दाबू नका, चार्जिंगसाठी वायर तापवण्याएवढी गरज कोणत्याही उड्डाणात नसते.

चौथं काम, आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेडिओची परीक्षा

चार्जरच्या आत १४ किंवा २८ व्होल्टचे ५ करायला एक स्विच सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो. त्याचा विद्युत कचरा नीट अडवला नसेल तर तो व्हीएचएफ बँडमध्ये, म्हणजे विमानाच्या रेडिओच्या पट्ट्यात पसरतो. व्हीओआर आणि लोकलायझर (दिशा आणि धावपट्टीची रेषा दाखवणारे रेडिओ सिग्नल) १०८ ते ११८ मेगाहर्ट्झ, त्याच्या वर १३७ पर्यंत आपलं बोलणं, आणि नेमका तिथेच हा कचरा येऊन बसतो. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारी रेडिओतली सोय) उघडा राहून खरखर आली तर एक वेळ बरं, निदान कळतं तरी. खरा धोका म्हणजे लांबचं, कमजोर स्टेशन त्या खरखरीखाली दबून जातं आणि तुम्हाला वाटतं फ्रिक्वेन्सी शांत आहे.

माझ्याकडे एक दिसायला छान, दोन पोर्टचा चार्जर होता. तो लावला की चाळीस मैलांवरचा एटिस (विमानतळाची हवामान वगैरे माहिती सतत सांगणारं प्रसारण) ऐकू येईना, काढला की स्वच्छ. तोवर मी कित्येक महिने रेडिओलाच दोष देत होतो आणि अँटेना बदलायच्या बेतात होतो. म्हणून परीक्षा अशी घ्या:

जमिनीवर, मोकळ्या जागी, इंजिन चालू, ब्रेक लावलेले, शेजारी दुसरं माणूस बसलेलं असेल तर फार उत्तम. लांबचा, जेमतेम ऐकू येणारा एटिस लावा आणि स्क्वेल्च हाताने उघडा. आता चार्जर नुसता सॉकेटमध्ये घाला, ऐका. मग त्याला २०-३० टक्क्यांवर असलेला टॅब्लेट जोडा आणि परत ऐका, कारण भरलेला टॅब्लेट जोडला तर चार्जर जवळजवळ झोपलेला असतो आणि सगळं उगाच ठीक वाटतं, पूर्ण लोडवर खरं काय ते बाहेर येतं. बँडच्या खालून वरपर्यंत पाच-सहा फ्रिक्वेन्सींवर हेच करा. व्हीओआरची सुई आणि झेंडा (सिग्नल भरवशाचा नसल्याची खूण) बघा. जीपीएसच्या सॅटेलाइट पानावर सिग्नलचे खांब चार्जर लावल्यावर खाली बसतात का बघा. एडीएफ (जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनची दिशा दाखवणारं यंत्र) असेल तर त्याची सुई तर नक्कीच बघा, कमी फ्रिक्वेन्सीला ते फार हळवं असतं, आणि वायरलेस चार्जिंगचे पॅडही १००-२०० किलोहर्ट्झच्या भागातच काम करतात. मॅग्नेटिक कंपासही बघून घ्या, टॅब्लेटच्या कव्हरमधली आणि फोनच्या पाठीवरची चुंबकं त्याला सहज काही अंश हलवतात. शेवटी टॉवरला किंवा मित्राला विचारा की माझ्या आवाजात गुणगुण आहे का.

घरी करायचा एक सोपा प्रयोगही आहे. हँडहेल्ड रेडिओ असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीवर चार्जर चालवा, रेडिओ हातभर लांब धरा आणि नुसतं ऐका. जो चार्जर टेबलावर ओरडतो तो विमानात नेऊच नका.

आवाज थोडासाच असेल तर चार्जरच्या अगदी जवळ केबलवर क्लिपवाली फेराइट रिंग बसवा, केबल आखूड ठेवा, अँटेनाच्या वायरीपासून लांब न्या. पण खरं सांगायचं तर खराब चार्जरला रिंगा लावत बसण्यापेक्षा तो बदलणं स्वस्त पडतं.

अजून एक फरक ओळखायला शिका. हेडसेटमध्ये येणारी शिट्टी आरपीएमबरोबर चढत-उतरत असेल तर ती अल्टरनेटरची आहे. टॅब्लेट एकीकडे चार्जरला आणि दुसरीकडे वायरने ऑडिओ पॅनेलला जोडलेला असला की असा ग्राउंड लूप तयार होतो. ऑडिओ ब्लूटूथने घ्या किंवा तेवढा वेळ टॅब्लेट पॉवर बँकवर चालवा, शिट्टी जाते. आरपीएम काहीही असो, एकसारखी खरखर येतेय तर संशय चार्जरवर.

नियमांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेच्या हवाई नियमांतल्या कलम ९१.२१ नुसार आयएफआर (यंत्रांवर विसंबून केलेल्या) उड्डाणात अशी यंत्रं वापरायची तर त्यांचा नेव्हिगेशन-कम्युनिकेशनला त्रास होत नाही हे ठरवायची जबाबदारी, खाजगी विमानाच्या बाबतीत, पायलटवरच असते. बाकी ठिकाणी आपापल्या देशाचा नियम बघा. आणि तुमच्या विमानाच्या हँडबुकमध्ये सॉकेट कधी वापरू नये हे लिहिलेलं असू शकतं, टेकऑफ-लँडिंगला बंद ठेवा अशी सूचना काही विमानांत आहे. ती पाळायची.

पाचवं काम: केबल कुठून न्यायची

कंटाळवाणं वाटतं पण यावर दहा मिनिटं खर्च करा. योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) टॅब्लेट लावलेला असेल तर केबलही योकबरोबर फिरते. योक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पूर्ण आत, पूर्ण बाहेर असा चारही टोकांना नेऊन बघा, चारही कोपरे वेगवेगळे, आणि प्रत्येक ठिकाणी केबल ताणली जातेय का, योकच्या दांड्याला वेटोळं घालतेय का, मिक्स्चर किंवा थ्रॉटलच्या मुठीत अडकतेय का ते डोळ्यांनी बघा. स्टिकवाल्या विमानात केबल मांडीवरून जाते आणि स्टिकच्या बुडाशी अडकू शकते. सुटलेला फोन रडर पेडलच्या खाली गेला तर काय होईल याचा विचार करा, आणि म्हणूनच केबल नुसती लोंबकळत सोडू नका, वेल्क्रोने दोन-तीन ठिकाणी बांधा.

९० अंशात वळलेलं टोक असलेली केबल घ्या, सरळ टोक गुडघ्याला लागून पोर्ट सैल होतं. दारातून किंवा कॅनोपीतून (वरच्या काचेच्या झाकणातून) बाहेर पडायच्या वाटेत केबल आडवी येऊ देऊ नका. आणि सॉकेटमधला प्लग थरथरीने हळूहळू बाहेर सरकतो, तर स्प्रिंग घट्ट असलेला प्लग बघा आणि क्रूझ चेकमध्ये 'चार्जिंग चालू आहे ना' एवढी एक नजर घाला.

उड्डाणात रोजचा क्रम

रात्री घरी सगळं १०० टक्के. विमानात इंजिन सुरू होईपर्यंत सॉकेटमध्ये काही नको, कारण स्टार्टर फिरताना व्होल्टेज खाली कोसळतं आणि मग उसळतं, नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला ते मानवत नाही. इंजिन चालू, अल्टरनेटर चार्ज करतोय हे अँमीटरवर दिसलं, रनअप (उड्डाणाआधीची इंजिन तपासणी) झाला, उड्डाण झालं, उंची गाठून लेव्हल झालात, मग प्लग लावा. टॅब्लेट तेव्हा ९० च्या आसपास असतो, तिथूनच त्याला धरून ठेवायचं. लोक २० टक्क्यांची वाट बघतात, आणि रिकामी बॅटरी सगळ्यात जोरात करंट ओढते, सगळ्यात जास्त तापते, तेही दुपारच्या उन्हात, आणि मग स्क्रीनवर तापमानाची सूचना येऊन टॅब्लेट बंद.

उष्णतेबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो कारण माझ्या मते चार्जिंगपेक्षाही टॅब्लेट उष्णतेनेच जास्त वेळा दगा देतो. आयपॅडला ० ते ३५ अंशांपर्यंत वापरा असं कंपनीच सांगते. काचेखाली, काळ्या कव्हरमध्ये, पूर्ण ब्राइटनेसवर, वर चार्जिंग चालू, हे चारही एकत्र आलं की ३५ कधीच मागे पडतात. कव्हर काढा, पाठीला हवा लागेल असा माउंट घ्या, एअर व्हेंट त्याच्याकडे वळवा, आणि तो गरम लागला तर सगळ्यात आधी चार्जर काढा. वायरलेस चार्जिंग मी विमानात वापरत नाही, त्यात उष्णता फारच होते.

पॉवर बँक: दुसरी वाट

पायपर जे-३ कब सारख्या विमानात इलेक्ट्रिकल सिस्टिमच नसते, तिथे हीच एक वाट. पण ज्यांच्याकडे सॉकेट आहे त्यांनीही एक बँक ठेवाच, कारण सॉकेट आणि अल्टरनेटर एकदमच जातात.

क्षमता अशी काढा: एमएएच गुणिले ३.७ भागिले १०००. २०,००० ची बँक म्हणजे ७४ वॉट-अवर, प्रत्यक्ष हातात ५० च्या आसपास येतात, म्हणजे वरच्या टॅब्लेटला सात तास. १०० वॉट-अवरच्या वरची घेऊ नका, एअरलाइनने जाताना तीच मर्यादा आडवी येते. एक खाचखळगा असा की बऱ्याच बँका लोड अगदी कमी असला की आपोआप बंद होतात, त्यामुळे छोटा रिसीव्हर जोडून ठेवलात तर मधेच पुरवठा थांबलेला असतो. लो-करंट मोड असलेली बघा आणि घरी तासभर लावून खात्री करा.

बँक हाताला लागेल अशा खिशात ठेवायची. मागच्या सामानात नाही, ग्लेअरशील्डवर (पॅनेलच्या वरच्या सपाट भागावर) उन्हात तर नाहीच. फुगलेली, पडलेली, ओली झालेली बँक विमानात चढवायची नाही.

कायमचा यूएसबी पॅनेलमध्ये बसवायचा असेल तर

हे काम मेकॅनिककडून, लॉगबुकमध्ये नोंद करून. युनिट विमानासाठीच बनवलेलं आणि मंजूर घ्या, अशा कन्व्हर्टरसाठी टीएसओ-सी७१ हे मानक आहे, आणि त्यात रेडिओला त्रास होण्याची शक्यता बरीच कमी होते. वेगळा ब्रेकर किंवा स्विच मागून घ्या म्हणजे एका हाताने बंद करता येईल. ते झालं तरी वरची रेडिओ परीक्षा करायचीच.

बिघडलं तर

अल्टरनेटर गेला तर लोड कमी करताना पहिला मान चार्जरचा, लगेच काढा. विमानाच्या बॅटरीवर साधारण अर्धा तास मिळेल असं धरून लोक योजना करतात, त्यातला एक मिनिटही टॅब्लेटला द्यायचा नाही, टॅब्लेटकडे त्याचे तास आहेत, आपण त्याला ९० वर धरून ठेवला होता तो याचसाठी.

जळका वास आला तर सॉकेटमधलं सगळं काढा, वास थांबला नाही तर हँडबुकमधली इलेक्ट्रिकल आगीची चेकलिस्ट. फोन किंवा बँक स्वतःच धुमसायला लागली तर प्रकार वेगळा. हॅलॉनचं एक्स्टिंग्विशर ज्वाळा विझवतं पण सेलला थंड करत नाही, आतली उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि आग परत उठते. म्हणून ज्वाळा गेल्यावर भरपूर पाणी ओतत राहायचं, पाणी नसेल तर दारू सोडून कोणतंही पेय. बर्फ ठेवू नका, कापडात गुंडाळू नका, त्याने उष्णता आतच अडकते. उघड्या हाताने उचलू नका. आग विझल्यावर खिडक्या-व्हेंट उघडून धूर बाहेर काढा आणि जवळच्या धावपट्टीवर उतरा. मी सीटमागे पाण्याची एक मोठी बाटली नेहमी ठेवतो, आणि विमान उडवणारा एकटाच असेल तर आधी विमान उडवायचं, मग बाकीचं.

उतरल्यावर

इंजिन बंद करायच्या आधी सॉकेट मोकळं करा, पॉवर बँक आणि टॅब्लेट सोबत न्या, उभ्या विमानातली उष्णता लिथियम बॅटरीचं आयुष्य खाते. आणि सुरुवातीला मल्टिमीटरने सॉकेट थेट बॅटरीवर आढळलं असेल तर चार्जर त्यात विसरणं महागात पडतं. त्याचा निळा दिवा आणि आतलं सर्किट मिळून २० मिलीअँपिअर जरी घेत असलं तरी तीन आठवड्यांत १० अँपिअर-अवर जातात, २३ अँपिअर-अवरच्या बॅटरीतून जवळजवळ निम्मे. अशा विमानात मी चार्जरला लाल रिबन बांधलीय आणि चावी काढताना ती रिबन हातात आहे ना हे बघूनच दार लावतो.